एक बाटली ह्यूमिक, एक गाडी शेणखत

हा लेख पुढे वाचण्यापूर्वी एक छोटासा उद्योग करा. मातीची दोन ढेकळे मिळवा. एक ढेकूळ वर्षानुवर्षे नांगरल्या-वखरलेल्या शेतातले असावे. दुसरे त्याच शेताच्या बांधावरचे, म्हणजे जिथे गवत वाढते, तिथेच कुजते आणि नांगराचा फाळ कधी पोचत नाही अशा जागेचे असावे. दोन्ही लिंबाएवढी घ्या आणि चार दिवस सावलीत वाळू द्या. मग काचेचे दोन पेले पाण्याने काठोकाठ भरा, प्रत्येकाच्या तोंडावर चहाची गाळणी टेकवा आणि एकेका गाळणीत एकेक ढेकूळ पाण्यात बुडेल असे अलगद ठेवा. आता हात न लावता पाच मिनिटे नुसते पाहा.

शेतातले ढेकूळ बहुधा मिनिट-दोन मिनिटांत फसफसून विरघळू लागेल. त्यातून बुडबुडे निघतील, कडा ढासळतील आणि पेल्याच्या तळाशी चिखल जमेल. बांधावरचे ढेकूळ मात्र पुष्कळ वेळ आपला आकार धरून राहील. माती तीच, खडकही तोच. अंतर फार तर दहा पावलांचे. मग एक ढेकूळ टिकले आणि दुसरे ढासळले, असे का?

उत्तराचा मोठा भाग एका शब्दात सांगता येतो : ह्यूमस. पण हा शब्द उच्चारला की आपण प्रश्न सोडवला असे समजू नका. ह्यूमस म्हणजे नक्की काय, यावर रसायनशास्त्रज्ञ सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ वाद घालत आले आहेत आणि तो वाद अजून मिटलेला नाही. इकडे बाजारात ‘ह्यूमिक अ‍ॅसिड’ असे छापलेल्या काळ्या द्रवाच्या बाटल्या जवळपास प्रत्येक कृषी सेवा केंद्रात मांडलेल्या दिसतात. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांच्या गोठ्यात किंवा पडवीत एखादी असेलही. त्या बाटलीने जमीन सुधारते का, हे आपल्याला या लेखात तपासायचे आहे.

पाला पडतो त्याचे पुढे काय होते?

झाडाचे पान गळून जमिनीवर पडले की त्यावर तुटून पडणाऱ्यांची रांगच लागते. पानातील साखर आणि पिष्ट पदार्थ जीवाणू चार-आठ दिवसांत फस्त करतात. मग सेल्युलोजची पाळी येते. सर्वांत शेवटी उरते ते लिग्निन, म्हणजे ज्याच्यामुळे लाकडाला लाकूडपण येते तो चिवट पदार्थ. लिग्निन फोडण्याचे काम मुख्यतः बुरशींचे. पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यावर छत्र्या उगवलेल्या दिसतात तेव्हा आत हेच काम चाललेले असते. गांडुळे आणि वाळवी पाला कुरतडून त्याचे तुकडे करतात आणि जीवाणूंचे काम सोपे करून ठेवतात. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या आयुष्यातील शेवटचे पुस्तक १८८१ साली गांडुळांवर लिहिले. त्यात गांडुळे माती किती उलथतात याचे मोजमाप आहे. ज्या माणसाने उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडला त्याला गांडुळे हा विषय लहान वाटला नाही.

या मेजवानीत पानातील कार्बनचा मोठा हिस्सा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत परत जातो. जीवाणू त्यावर जगतात, वाढतात आणि मरतात, आणि त्यांचे मृत देह पुन्हा दुसऱ्यांचे खाद्य होतात. असे कित्येक फेरे झाल्यावर जो काळपट, गंधाला मातकट, हाताला मऊ असा भाग मातीत मुरून राहतो, त्याला ह्यूमस म्हणतात. मूळ लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ नुसता ‘माती’ असा आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्या देशावरची जमीन काळी आहे, तेव्हा तिच्यात ह्यूमस भरपूर असणार, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. दख्खनच्या काळ्या मातीचा रंग तिच्यातील विशिष्ट प्रकारची चिकणमाती, बेसाल्ट खडकातून आलेली लोहयुक्त खनिजे आणि चिकणमातीला घट्ट चिकटलेला थोडासा ह्यूमस यांच्यामुळे येतो. यातल्या कित्येक जमिनींत सेंद्रिय कार्बन शंभर भागांत अर्धा भागही भरत नाही. युक्रेन आणि रशियातील ‘चेर्नोझेम’ नावाची काळी माती वेगळी. तिचा काळेपणा खरोखरच ह्यूमसचा आहे. हजारो वर्षे तिथे उंच गवत वाढत आले आणि थंडीमुळे ते पूर्ण जळून गेले नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात माती तापते, पाऊस पडला की जीवाणू जोमाने कामाला लागतात आणि सेंद्रिय पदार्थ झपाट्याने संपवतात. उष्ण हवामान हे ह्यूमसचे मोठे शत्रू. आणि वारंवार नांगरट हे दुसरे.

ऋण भाराची ताकद

ह्यूमस जमिनीत करतो तरी काय? त्याचे एक काम तुम्हांला शाळेच्या प्रयोगशाळेतच पाहता येईल. जीवशास्त्राच्या कपाटात मेथिलीन ब्ल्यू आणि इओसिन ही दोन रंगद्रव्ये असतात. दोन नरसाळ्यांत तळाशी कापसाचा बोळा बसवून त्यावर चाळलेली, कुजलेले खत मिसळलेली माती सारखीच भरा. मातीतून आधी साधे पाणी दोन-तीनदा जाऊ द्या. मग एका नरसाळ्यात मेथिलीन ब्ल्यूचे फिकट द्रावण ओता आणि दुसऱ्यात इओसिनचे. निळे द्रावण मातीतून खाली येईपर्यंत जवळजवळ रंगहीन झालेले असेल. लाल द्रावणाचा रंग मात्र बराचसा तसाच खाली उतरेल.

याचे कारण असे की मेथिलीन ब्ल्यूचे आयन धन भारित असतात, तर इओसिनचे ऋण भारित. ह्यूमसच्या आणि चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो. त्यामुळे धन भाराचे कण ते धरून ठेवतात. पिकांना लागणारे पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अमोनियम हे सर्व धन भारित आयन आहेत. ही पकड कायमची नसते. मुळे हायड्रोजनचे आयन सोडतात आणि त्यांच्या बदल्यात हे पोषक आयन उचलतात. या देवघेवीच्या क्षमतेला धनायन विनिमय क्षमता म्हणतात. वजनाला वजन तोलले तर ह्यूमसची ही क्षमता काळ्या जमिनीतील चिकणमातीच्या साधारण दुप्पट भरते आणि कोकणातील लाल जांभ्या मातीत असणाऱ्या चिकणमातीच्या तर कित्येक पट. म्हणूनच कोकणात सेंद्रिय खताला पर्याय नाही. तिथली चिकणमाती फारसे काही धरून ठेवत नाही, आणि वर पाऊस असा की जे सुटे असेल ते वाहूनच जाते.

दुसरे काम लोहाचे. देशावरच्या चुनखडीच्या जमिनीत भुईमूग, ऊस किंवा द्राक्षवेल यांची कोवळी पाने पिवळी पडलेली तुम्ही पाहिली असतील. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्या जमिनीत लोह नसते असे नाही. ढीगभर असते, पण अविद्राव्य रूपात गंजासारखे पडून असते. ह्यूमसमधील काही रेणू लोहाच्या आयनाला दोन्ही बाजूंनी खेकड्याच्या नांग्यांसारखे पकडतात आणि पाण्यात विरघळलेल्या स्थितीत ठेवतात. अशा संयुगांना ‘कीलेट’ म्हणतात, आणि हे नावच मुळी नांगी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेले आहे.

तिसरे काम म्हणजे आपल्या ढेकळाचे. ह्यूमस, जीवाणूंनी सोडलेले चिकट पदार्थ आणि बुरशीचे तंतू मिळून मातीच्या बारीक कणांना एकत्र बांधतात आणि त्यांची रवाळ कणरचना बनते. या रव्यांच्या मधल्या पोकळ्यांतून जादा पाणी निचरून जाते आणि रव्यांच्या आत पाणी धरून राहते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ती स्थिती अशा जमिनीत लवकर येते आणि जास्त दिवस टिकते. ह्यूमस संपलेल्या जमिनीवर पहिल्याच सरीत पापुद्रा धरतो आणि उगवणारा कोंब त्याखाली अडकतो.

अकार्ड यांचा प्रयोग

१७८६ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रान्झ कार्ल अकार्ड यांनी दलदलीतील पीट नावाचा कुजका पदार्थ अल्कलीच्या द्रावणात भिजवला. द्रावण गडद तपकिरी झाले. त्यात आम्ल घालताच काळपट चोथ्यासारखा साका खाली बसला. हाच प्रयोग आजही थोड्याफार फरकाने सर्वत्र केला जातो आणि तुम्हांलाही करता येईल.

दहा ग्रॅम चांगले कुजलेले, चाळलेले कंपोस्ट घ्या. १०० मिलिलिटर कोमट पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवून त्यात हे कंपोस्ट टाका, अधूनमधून ढवळा आणि एक रात्र ठेवा. सकाळी वरचे द्रावण गाळून घ्या. ते कोऱ्या चहासारखे किंवा त्याहूनही गडद दिसेल. आता शिक्षकांच्या देखरेखीखाली त्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घाला. प्रथम सोड्यामुळे फेस येईल. फेस थांबल्यावर आणखी थोडे आम्ल घाला आणि परीक्षानळी स्टँडवर तासभर ठेवा. तळाशी तपकिरी साका बसेल, वर पिवळसर पाणी राहील.

खाली बसले ते ह्यूमिक आम्ल. अल्कलीत विरघळणारे, तीव्र आम्लात न विरघळणारे. वर राहिले ते फुल्विक आम्ल. ते दोहोंतही विरघळते. जे कंपोस्ट सोड्यालाही दाद न देता गाळणीत उरले त्यात काडीकचऱ्याबरोबर ‘ह्यूमिन’ असते. लक्षात घ्या, ही तीन नावे मीठ किंवा साखर यांसारख्या ठरावीक रेणूंची नावे नाहीत. काय कशात विरघळते एवढ्यावरून पाडलेले हे तीन ढीग आहेत. प्रत्येक ढिगात हजारो प्रकारचे रेणू असतात.

थोडे तपकिरी द्रावण बाजूला काढून ठेवले असेल तर त्यात चुन्याची निवळी घाला. तिथेही साका धरेल, कारण कॅल्शियमबरोबर ह्यूमिक आम्लाचे न विरघळणारे संयुग बनते. याचा उपयोग पुढे होणार आहे.

वाद

ह्यूमसचा इतिहास एखाद्या मानी घराण्यासारखा चढउतारांचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील आल्ब्रेख्ट थेअर यांचे मत असे की पाणी सोडले तर वनस्पती ह्यूमसवरच जगतात, त्यांचा कार्बन तिथूनच येतो. कार्ल श्प्रेंगेल यांनी या मताला छेद दिला आणि १८४० साली युस्टुस फॉन लीबिग यांनी आपल्या ग्रंथात ते पार मोडून काढले. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. ह्यूमस पाण्यात इतका थोडा विरघळतो की त्यातून झाडाला पुरेसा कार्बन मिळणे शक्यच नाही. कार्बन हवेतून येतो, आणि जमिनीतून येतात ती खनिजे. लीबिग यांचे म्हणणे बरोबरच होते. पण त्याचा परिणाम असा झाला की ‘ह्यूमस हे झाडाचे अन्न नव्हे’ याचा अर्थ पुष्कळांनी ‘ह्यूमसचे काही काम नाही’ असा घेतला. रासायनिक खतांची पोती आली आणि उकिरड्याकडे दुर्लक्ष झाले.

त्याला उत्तर मिळाले ते आपल्या जवळच, इंदूरला. आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली भारतात आले आणि १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत होते. शेतातला काडीकचरा, जनावरांचे शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचून, ठरावीक दिवसांनी ते वरखाली करून सुमारे तीन महिन्यांत कंपोस्ट तयार करण्याची पद्धत त्यांनी बसवली. ती पुढे इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. १९३१ साली तिच्यावर जो ग्रंथ निघाला त्यावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने रसायन विभागातील सहकारी यशवंत वाड यांचेही नाव आहे. हॉवर्ड यांचे नाव सगळे घेतात. वाड यांचे मात्र मराठी पुस्तकांतही क्वचितच दिसते, म्हणून मुद्दाम सांगितले.

आता वादाचा दुसरा भाग. एक सोपी गोष्ट करून पाहा. कोऱ्या, फिकट चहात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. चहाचा रंग एकदम काळपट होतो. तो काळेपणा चहाच्या पानात होता का? नव्हता. अल्कलीने चहातील द्रव्यांवर प्रक्रिया केली म्हणून तो आला. मग अकार्ड यांच्या प्रयोगात जे काळे द्रव्य निघाले ते मातीत आधीपासून तसेच होते, की तीव्र अल्कलीने ते घडवले? स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधासाठी पुढे १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळालेले सेलमन वाक्समन यांनी १९३६ साली ह्यूमसवर एक मोठा ग्रंथ लिहिला, आणि ‘ह्यूमिक आम्ल’ वगैरे नावे टाकूनच द्यावीत असे त्यात सुचवले. २०१५ साली योहानेस लेहमान आणि मार्कुस क्लेबर यांनी ‘नेचर’ या साप्ताहिकात हाच मुद्दा नव्या पुराव्यानिशी मांडला. त्यांच्या मते मातीत महाकाय, न कुजणारे असे वेगळे ह्यूमिक रेणू बनतात याला आधार नाही. मातीत असतात ते पालापाचोळ्याचे आणि जीवाणूंचे, कुजण्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवरील अवशेष. ते वर्षानुवर्षे टिकतात ते स्वतःच्या चिवटपणामुळे नव्हे, तर चिकणमातीला चिकटून किंवा रव्यांच्या आत दडून जीवाणूंच्या हाती लागत नाहीत म्हणून. सर्वच मृदाशास्त्रज्ञांना हे मान्य नाही. ह्यूमिक पदार्थांच्या बाजूने लिहिणारेही आहेत. पण लेहमान-क्लेबर यांचे म्हणणे धरले तर एक गोष्ट सहज उलगडते. नांगरट केली की रवे फुटतात, दडलेले अवशेष उघडे पडतात आणि जीवाणू त्यांच्यावर ताव मारतात. बांधावरचे ढेकूळ टिकले याचे हेही एक कारण आहे.

आता बाटली

बाजारातले ह्यूमिक आम्ल बहुधा कंपोस्टातून काढलेले नसते. ते लिग्नाइट या तपकिरी कोळशातून किंवा त्याच्याच हवेने झिजलेल्या ‘लिओनार्डाइट’ या प्रकारातून काढतात. भारतात तामिळनाडूतील नेयवेली येथे लिग्नाइटच्या मोठ्या खाणी आहेत. लिग्नाइटवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडची क्रिया केली की पोटॅशियम ह्यूमेट मिळते, म्हणजे तुमच्या सोड्याच्या प्रयोगाचीच ही कारखान्यातली आवृत्ती.

आता पाटी-पेन्सिल घ्या. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. वरची १५ सेंटिमीटर माती धरली आणि एका घन सेंटिमीटरचे वजन दीड ग्रॅम मानले तर तिचे वजन सुमारे ९ लाख किलोग्रॅम भरते. शेतकऱ्यांना २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळू लागल्या. तशी एखादी घरात असेल तर त्यात सेंद्रिय कार्बनचा आकडा पाहा. ०.५ टक्क्यापेक्षा कमी असेल तर जमीन ‘कमी’ गटात, ०.७५ च्या वर असेल तर ‘जास्त’ गटात मोडते. आपण ०.५ टक्के धरू. म्हणजे ४,५०० किलोग्रॅम कार्बन. सेंद्रिय पदार्थाचे वजन काढण्यासाठी कार्बनला १.७२ ने गुणण्याचा प्रघात आहे; उत्तर साडेसात हजार किलोग्रॅमच्या वर येते. हे अगदी सामान्य, काहीशा थकलेल्या जमिनीचे गणित झाले.

बाटलीत १२ टक्के ह्यूमिक आम्ल आहे आणि एकरी एक लिटर दिले असे समजा. म्हणजे १२० ग्रॅम. जमिनीत आधीच आहे त्याच्या साठ हजाराव्या भागापेक्षाही कमी! एवढ्याने जमिनीचा ह्यूमस वाढणे, कणरचना सुधारणे किंवा पाणी धरण्याची क्षमता वाढणे अशक्य आहे. वेष्टनावर तसे छापले असेल तर ते छापणाऱ्याने हे गणित केलेले नाही, किंवा तुम्ही करणार नाही असे त्याने गृहीत धरले आहे.

आता बैलगाडीभर शेणखत घ्या. गाडीत अर्धा टन खत बसते असे धरू. त्यात निम्मे पाणी आणि उरलेल्यात निम्मी माती व राख धरली तरी सव्वाशे किलोग्रॅम सेंद्रिय पदार्थ राहतो. बाटलीच्या सुमारे हजारपट. यातला दोनतृतीयांश वर्षभरात जळून गेला तरी चाळीस किलोग्रॅम मुरतो. मात्र शेणखताच्या बाजूनेही हुरळून जाऊ नका. जमिनीतील सेंद्रिय पदार्थांपैकी दरवर्षी शंभरात दोन भाग झिजतात असे धरले, तर ही झीज दीडशे किलोग्रॅम होते. म्हणजे नुसते आहे तिथे राहायलाच एकरी चार गाड्या खत दरवर्षी हवे! पिकांची मुळे आणि धसकटे यातला काही वाटा उचलतात, तागासारखे हिरवळीचे पीक गाडले तर तेही उचलते. उसाच्या फडातून हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. ते पेटवून देणे म्हणजे हे सगळे गणित काडीने पुसणे. पाचट गाडताना एक काळजी मात्र घ्यावी लागते. त्यात कार्बनच्या मानाने नायट्रोजन फार थोडा असल्याने ते कुजवणारे जीवाणू जमिनीतला नायट्रोजन ओढून घेतात आणि पीक काही काळ पिवळे पडते. थोडा युरिया टाकला की ही अडचण दूर होते.

मग बाटली निव्वळ थोतांड आहे काय? तसे म्हणणेही चूक ठरेल. जमिनीवर नसला तरी मुळावर तिचा परिणाम होऊ शकतो. ब्राझीलमधील लुसियानो कॅनेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली गांडूळखतातून काढलेले ह्यूमिक आम्ल अत्यल्प प्रमाणात मक्याच्या रोपांना दिले. तेव्हा मुळांना जास्त उपमुळे फुटली आणि मूळपेशींच्या पटलातून हायड्रोजन आयन बाहेर टाकणारे विकर अधिक जोमाने काम करू लागले. त्या आयनांमुळे पेशीभित्तिका सैल होते आणि पेशीला लांब वाढता येते. ऑक्झिन नावाचे वनस्पतींचे संप्रेरक असेच काम करते. संप्रेरकाचे प्रमाण नेहमीच सूक्ष्म असते, त्यामुळे इथे १२० ग्रॅम ही काही हसण्यासारखी गोष्ट राहत नाही.

२०१४ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल रोझ व सहकाऱ्यांनी तोवर प्रसिद्ध झालेले पुष्कळ प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. ह्यूमिक पदार्थ दिलेल्या रोपांचे शेंड्याकडील वाळलेले वजन सरासरी २२ टक्के आणि मुळांचे २१ टक्के जास्त भरले. पण यातले पुष्कळ प्रयोग कुंड्यांत आणि काचघरांत झालेले होते, आणि पदार्थ कोणत्या मालापासून काढला, किती दिला, रोप कोणत्या परिस्थितीत होते यांनुसार निकाल फार बदलत होते. कंपोस्टातून काढलेला माल तपकिरी कोळशातल्या मालापेक्षा सरस ठरला, ही त्यातली ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट. शेतात, मोकळ्या हवेत, मातीत आधीच साडेसात हजार किलो सेंद्रिय पदार्थ असताना तोच परिणाम दिसेल असे कोणी खात्रीने सांगू शकत नाही.

भारत सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून अशा ‘जैव-उत्तेजकां’ना कायद्याच्या कक्षेत आणले आणि त्यांत ह्यूमिक व फुल्विक आम्लांचा समावेश केला. म्हणजे कायद्याच्या लेखीही हे खत नव्हे, उत्तेजक आहे.

चुन्याच्या निवळीचा प्रयोग आता आठवा. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असेल तर त्यात कॅल्शियम असते. अशा पाण्यात ह्यूमेट मिसळले की तोच साका धरू लागतो, आणि ठिबकच्या नळ्यांची बारीक छिद्रे बुजतात. फॉस्फरिक आम्लासारखे आम्लधर्मी खत त्याच टाकीत ओतले तर अकार्ड यांचा प्रयोग टाकीतच होतो. म्हणून आधी एका पेल्यात स्वतःच्या विहिरीचे पाणी घेऊन त्यात थोडे द्रावण मिसळून तासभर पाहावे. एवढे केले तर सबंध हंगामाची नळी वाचते.

शाळेत कुंड्यांचा प्रयोग करणार असाल तर त्याची मांडणी नीट करा. एकाच ठिकाणची माती सर्व कुंड्यांत सारखी भरा. काही कुंड्यांत नुसती माती, काहींत बाटलीतले ह्यूमेट वेष्टनावरील प्रमाणात, काहींत कंपोस्ट, काहींत दोन्ही. आणखी एक गट हवाच, तो बहुतेक लोक विसरतात. पोटॅशियम ह्यूमेटमध्ये पालाश असतेच, तेव्हा रोप वाढले ते ह्यूमिक आम्लामुळे की पालाशमुळे हे कळण्यासाठी काही कुंड्यांना तितकेच पालाश द्या, ह्यूमिक नको. प्रत्येक गटात निदान चार कुंड्या ठेवा आणि प्रत्येकीत मक्याचे एकच रोप. कुंड्यांच्या जागा आठवड्याला बदला, म्हणजे ऊन कोणा एकीच्याच वाट्याला जास्त येणार नाही. पाच आठवड्यांनी रोपे मातीसकट उपसा, बादलीत मुळे धुऊन घ्या, आठवडाभर उन्हात वाळवा आणि शेंडा व मूळ वेगवेगळे तोला. तोलणाऱ्याला कोणते रोप कोणत्या गटातले आहे हे सांगू नका. चिठ्ठ्या दुसऱ्याने ठेवाव्यात.